पोर्श बॉक्स्टर (९८६): सीटखालचं कंट्रोल मॉड्यूल भिजलं. साफ करावं, जुनं लावावं की नवं मागवावं?

१. संत्रानगरी_रोडस्टर (नागपूर)

नमस्कार मंडळी.

गाडी पोर्श बॉक्स्टर एस, ९८६, मॉडेल २००१, ३.२ लिटर, सहा गिअरची मॅन्युअल. धंतोलीत कडुनिंबाखाली उभी असते. तीन दिवस झड लागली होती, ती उघडल्यावर हे सगळं सुरू झालं.

रिमोट पूर्ण मेला. चावीने दार उघडते, पण उघडताना काच जी बोटभर खाली सरकायची ती सरकत नाही. आतला दिवा आपल्या मनाने लागून राहिला, विझून राहिला. रात्री दोन वाजता हॉर्न वाजून राहिला, अख्खी गल्ली जागी. इग्निशन ऑन केलं की मीटरमधले दिवे येतात, स्टार्टर मात्र ढिम्म. बॅटरी १२.४ व्होल्ट. साधा ब्लूटूथ स्कॅनर लावून पाहिला, तो इंजिनाशी बोलते आणि त्यात एकही कोड नाही.

सीटखाली हात घातला तर गालिचा वरून कोरडा आहे, पण मूठ दाबली की बोटांच्या मधून पाणी वर येते. मॉड्यूलच्या डब्याला कनेक्टरच्या बाजूने पांढरट-हिरवी पूड धरली आहे.

गॅरेजवाला म्हणते, "बीसीएम (हे सीटखालचं कंट्रोल मॉड्यूल) गेलं, नवं मागवा, कोडिंग मुंबईला करू." माझे प्रश्न तीन. मॉड्यूलच गेलं हे पक्कं कसं करायचं? दुसऱ्या गाडीचं जुनं मॉड्यूल मिळालं तर ते सरळ लागते का? आणि हेच वाचवता येते का?

२. सोल्डरमास्तर

भाऊ, उत्तरं मागून. आधी बॅटरीची मायनस तार काढा. आत्ता, आणि "एकदा बघू तरी" म्हणून इग्निशन पुन्हा ऑन न करता.

नुसत्या पाण्याने बोर्ड मरत नाही, ओल्या बोर्डातून करंट वाहिला की मरतो. या मॉड्यूलला गाडी बंद असतानाही बॅटरीचा सप्लाय असतोच. शेजारच्या दोन पॅडमध्ये (सोल्डरच्या ठिपक्यांमध्ये) १२ व्होल्टचा फरक आणि मधे ओल, एवढं पुरे: प्लस बाजूचं तांबं विरघळून मायनसकडे सरकतं, मधे केसासारखे धातूचे तंतू वाढतात. तंतूंमुळे हॉर्न भुतासारखा वाजतो, आणि इकडे प्लसचा ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) झिजत झिजत तुटतो. गालिच्यातून झिरपलेल्या पाण्यात वर्षानुवर्षांची धूळ आणि क्षार असतात, त्यामुळे हे काम आठवड्यांत नाही, दिवसांत होतं.

दुसरं कारण जास्त महागाचं आहे. इमोबिलायझरचा (ओळखीच्या चावीशिवाय गाडी स्टार्ट होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) डेटा याच डब्यात, एका छोट्या मेमरी चिपमध्ये असतो. सप्लाय वरखाली होत असताना प्रोसेसर भलत्या वेळी लिहायला गेला तर चिपमधला मजकूर बिघडतो. तुटलेला ट्रॅक जोडता येतो. गेलेला मजकूर तुम्हाला घरी तयार करता येत नाही.

बॅटरी काढताना दोन गोष्टी सांभाळा. काच खाली जात नाहीये, तेव्हा दार पूर्ण मिटू नका. लॅचजवळ जाड फडकं अडकवून दार टेकवून ठेवा, नाहीतर बिनचौकटीची काच छताच्या रबरात रुतते आणि पुढच्या वेळी ओढाताण होते. दुसरं, तुमच्या मॉडेलमध्ये पुढचं झाकण इलेक्ट्रिक बटणाने उघडतं आणि बॅटरी त्याच झाकणाखाली आहे. म्हणजे मायनस काढल्यावर झाकण धपकन लावलंत तर किल्ली पेटीत ठेवून पेटीला कुलूप लावल्यासारखं.

लागलंच तर फ्यूजबॉक्समधली लाल पट्टी बाहेर ओढा. तिला बाहेरच्या १२ व्होल्टच्या बॅटरीची प्लस, दाराच्या लॅचच्या लोखंडी खुंट्याला मायनस, मग बटण दाबा. स्कूटरची बॅटरी पुरते. ही वाट फक्त झाकणासाठी आहे, तिच्यावरून गाडी स्टार्ट करायचा प्रयत्न केला तर बारीक तार जळेल. या वेळी अलार्म बोंबलू शकतो, दाराची चावी हाताशी ठेवा.

रेडिओ मूळचा बेकर असेल तर कोडचं कार्ड शोधून ठेवा. बॅटरी परत लावल्यावर तो कोड मागणार.

३. ओबीडी_नाना

मास्तरांनी सांगितलेलं आधी करा. निदानाबद्दल मी सांगतो.

ब्लूटूथ स्कॅनर इंजिनाशी बोलला यावरून काही सिद्ध होत नाही. तो फक्त कायद्याने सक्तीची असलेली इंजिनाची माहिती वाचतो. अलार्म आणि सेंट्रल लॉकिंगचं मॉड्यूल कंपनीच्या आपल्या भाषेत बोलतं. त्यासाठी ड्युरामेट्रिक किंवा कंपनीचा टेस्टर (पीएसटी२, पिविस) लागतो. त्यांनाही मॉड्यूल सापडलं नाही तर एकतर सप्लाय-अर्थ नाही, नाहीतर मॉड्यूल मेलं.

या गाड्यांत तीन स्वस्त बिघाड मॉड्यूलचं सोंग घेतात.

पहिला, इग्निशन स्विचचा विजेचा भाग. चावीच्या कुलपामागे असतो. आतलं प्लास्टिक झिजलं की स्टार्टरचा सिग्नल जात नाही, कधी ब्लोअर बंद पडतो, कधी चावी मागे परतत नाही. हा भाग ऑडीचाच आहे, नंबर ४ए० ९०५ ८४९ बी, मॉड्यूलच्या मानाने चिल्लर. दोन बारीक स्क्रूंवर बसतो, स्क्रूच्या डोक्यावर रंगाचा ठिपका असतो, तो आधी खरवडा नाहीतर डोकं सरकतं.

दुसरा, दाराच्या लॅचमधले मायक्रोस्विच. ते गेले की काच खाली येत नाही, किंवा दार उघडं असल्याचं गाडीला कळत नाही.

तिसरा, सीटजवळची अर्थ. गालिच्याखाली पाणी साचलं की रिंग टर्मिनलखाली गंज चढतो आणि चार सर्किटं एकमेकांतून अर्थ शोधायला लागतात.

पण तुमच्याकडे रिमोट, दिवा, हॉर्न, काच आणि स्टार्टर एका झडीत गेले. पाच वेगळे स्विच ठरवून एका रात्री मरत नाहीत. या पाचही तारा एकाच डब्यात जातात आणि तो डबा पाण्यात बसला आहे. तरी मोजल्याशिवाय पैसे काढू नका. मॉड्यूल बाहेर काढा, कनेक्टर आणि हार्नेस (तारांची जुडी) वाळवा, मगच मॉड्यूल न लावता बॅटरी जोडा. वायरिंग डायग्रॅम समोर ठेवून कनेक्टरवर कायमचा सप्लाय मोजा: बॅटरीच्या व्होल्टेजपेक्षा ०.१ ते ०.२ व्होल्टपर्यंत कमी चालेल. नुसत्या मीटरवर विसंबू नका, पाच वॅटचा बल्ब लावून मोजा. सडलेली तार मीटरला १२ दाखवते आणि बल्ब लावला की कोलमडते. अर्थच्या पिनपासून बॉडीपर्यंत अर्ध्या ओहमपेक्षा जास्त नको.

आणि सीट बाहेर असताना इग्निशन ऑन करू नका, एअरबॅगचा दिवा कायमचा धरून बसेल.

४. ढाबा_ऑन_व्हील्स

एवढं काय राजेहो. डबा खोलायचा, डब्ल्यूडी-४० मारायचं, दोन दिवस तांदळात पुरून ठेवायचं. मोबाइल जगतात तसे.

५. सोल्डरमास्तर

तांदूळ गोळाभाताला राहू द्या. बोर्डाला मारतात ते क्षार, आणि क्षार तांदळाने निघत नाहीत. पाणी वाळलं की ते तिथेच बसतात आणि पुढच्या दमट रात्री पुन्हा ओल धरतात. मोबाइल दोन महिने चालून मग मरतो, तो यामुळेच. डब्ल्यूडी-४० पाणी हटवतं, पण मागे तेलाची साय ठेवतं. तिच्यावर सोल्डर नीट धरत नाही, कोटिंग तर अजिबात नाही.

आता डबा काढायचा कसा. बॅटरी काढून किमान दहा मिनिटं थांबा, एअरबॅगच्या यंत्रणेतली साठलेली वीज उतरू द्या. सीटचे चार बोल्ट, पुढे दोन आणि मागे दोन. ते उलट्या टॉर्क्सचे आहेत, म्हणजे बोल्टचं डोकं चांदणीसारखं आणि सॉकेट पोकळ. साधा बारा पॉइंटचा पाना ठोकून बसवला तर कोपरे जातात. बोल्ट काढायला सीट पुढे-मागे सरकवावी लागते. सीट मोटरची असेल तर ती बॅटरी काढायच्या आधीच योग्य जागी आणायला हवी होती. नसेल आणली तर पुढचे दोन बोल्ट आडव्या रॅचेटने कसेबसे निघतात. सीट मागे वाकवा, खालचे कनेक्टर सोडा. पिवळा तो एअरबॅगचा, त्याला मीटर लावू नका. सीट एकट्याने उचलू नका, रेल्वेच्या रुळासारखी धारदार पट्टी दाराच्या कडेवर चरा ओढते.

डब्याचे कनेक्टर लिव्हरने सुटतात. लिव्हर पूर्ण फिरेपर्यंत ओढू नका. हिरवे झालेले पिन वाकले तर आतच तुटतात. सोडण्याआधी फोटो काढा. डब्यावरच्या स्टिकरचाही काढा, नंबर ९९६.६१८ ने सुरू होतो, पुढचे आकडे आणि शेवटची अक्षरं डोनर (ज्या जुन्या गाडीचे भाग घ्यायचे ती) शोधताना लागतील.

गालिचा उचला. वरचं कापड नावापुरतं असतं, खाली जाड फोम असतो आणि तो लिटरभर पाणी सहज पितो. फोमखाली हवा जाईल असे लाकडी ठोकळे सारा आणि पंखा लावा. तो वाळेपर्यंत नवं सोडा, दुरुस्त केलेलंही मॉड्यूल खाली बसवू नका.

६. पागोळी

सगळे डब्यावर बोलून राहिले, पाणी आलं कुठून ते कोणी विचारत नाही. ते बंद न करता मॉड्यूल बदललं तर पुढच्या झडीत पुन्हा इथेच भेटू.

९८६ मध्ये पाणी दोन बाजूंनी आत येते. मागे छताच्या घडीच्या खोबणीत डावी-उजवीकडे एकेक निचऱ्याचं भोक आहे. छत अर्धवट उघडून सर्व्हिसच्या स्थितीत आणलं की दिसते. तुमच्याकडे वीज नाही, तेव्हा छत हाताने सोडवावं लागेल, दोघं हवेत. पुढे बॅटरीच्या कप्प्यात, वायपरखालच्या प्लास्टिकच्या आच्छादनाआड, दोन्ही कोपऱ्यांत निचरा आहे. तिथे पानं साठली की पाणी आत वळते.

नागपुरात झाडांचा हिशोब वेगळा आहे. कडुनिंबाचं पान बारीक, दातेरी, आणि काडी अगदी भोकाच्या मापाची. काडी आडवी अडकते, तिच्यावर एप्रिलमधला मोहर बसते, वरून मे महिन्याची धूळ. जून उजाडेपर्यंत बूच तयार. गाडीवरचं कव्हर हे थांबवत नाही, उलट खाली गेलेलं तिथेच कुजवते.

साफ करायला गवत कापायच्या यंत्राची दोन-अडीच मिलिमीटरची नायलॉन दोरी घ्या, टोक विस्तवाने गोल करा, फिरवत फिरवत घाला. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. पाइप आतल्या आत सटकला तर बाहेरून निचरा साफ दिसते आणि सगळं पाणी सीटमागे उतरते. मग अर्धा लिटर पाणी हळू ओता आणि चाकाजवळ खाली बघा. जेवढं ओतलं तेवढं धारेने पडलं पाहिजे. थेंब थेंब पडत असेल तर बूच अजून आत आहे.

दाराच्या आतली प्लास्टिकची शीटही तपासा. स्पीकर बदलताना कोणी ती फाडून ठेवली असेल तर काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या तळातून जाण्याऐवजी गालिच्यात येते. ती ब्युटाइलच्या पट्टीने चिकटवा, सेलोटेपने नाही.

७. संत्रानगरी_रोडस्टर

सगळ्यांचे आभार. आतापर्यंतचं:

बॅटरी काढली. छताच्या खोबणीतला एक निचरा साफ होता, दुसऱ्यातून पागोळी म्हणतात तसंच बूच निघालं, कडुनिंबाच्या काड्या आणि गुलमोहराच्या पाकळ्यांचा काळा लगदा, करंगळीएवढा. दोरी घातली तर भसकन अर्धा लिटर चाकाशी पडलं.

मॉड्यूल खोललं. बोर्डाचा जो काठ खाली होता तिथे दोन बोटं रुंद पट्ट्यात हिरवट थर आहे. कनेक्टरचे तीन पिन हिरवे, त्यातला एक अर्धा खाल्लेला. एक रुंद ट्रॅक काळा पडून तुटल्यासारखा दिसते. एका रिलेच्या पारदर्शक खोक्यात आत वाफ धरली आहे. प्रोसेसर आणि त्याच्या शेजारची आठ पायांची चिप वरच्या अर्ध्यात आहे, तिकडे डाग नाही.

सप्लाय मोजला: बल्ब लावून १२.३. अर्थ ०.२ ओहम. म्हणजे हार्नेस ठीक धरायचं का?

८. सोल्डरमास्तर

हार्नेस बऱ्यापैकी ठीक, फक्त त्या तीन पिनांच्या समोरच्या तारा बघा. टर्मिनलपासून सेंटिमीटरभर इन्सुलेशन सोला. आतलं तांबं काळं असेल तर चकचकीत लागेपर्यंत मागे कापत जा. तारेच्या आत पाणी केशाकर्षणाने वर चढतं, बाहेरून काही कळत नाही.

तुमचा डबा वाचण्यासारखा आहे. पण क्रम चुकवू नका: आधी ती आठ पायांची मेमरी चिप वाचा, मग बाकीचं. साफसफाईत काही बिघडलं तरी डेटा हातात राहील.

चिप वाचणं. भिंगाखाली चिपवरचा नंबर वाचा, अंदाज करू नका. २४ किंवा २५ मालिका असेल तर स्वस्त सीएच३४१ए प्रोग्रामर चालतो. ९३ मालिका असेल तर तो मूळचा ती वाचत नाही, टीएल८६६ किंवा त्याच्यासारखा लागेल. ९३ मधे आणखी एक खोच असते. ज्या प्रकाराला ओआरजी पिन असते, त्यात ती पिन जमिनीला असली तर डेटा ८ बिटांचा, प्लसला असली तर १६ बिटांचा. प्रोग्रामरमध्ये उलटं निवडलं तर वाचन "यशस्वी" दिसतं आणि बाइट्सची अदलाबदल झालेली असते. बोर्डावर ती पिन कुठे जोडली आहे ते पाहूनच निवडा.

चिमटा लावून बोर्डावरच वाचायचा मोह होतो. चिमट्यातून गेलेला सप्लाय शेजारच्या प्रोसेसरलाही जागा करतो आणि तो त्याच तारांवर बोलायला लागतो. मग प्रत्येक वाचन वेगळं येतं. चिप उचलून वाचणं बरं. हॉट एअर ३२० ते ३५० अंश, बाजूच्या प्लास्टिकला कॅप्टॉन टेप (उष्णता सोसणारी), भरपूर फ्लक्स, आणि चिप स्वतःहून तरंगली की चिमट्याने उचला. ओढून काढली तर पॅड उखडतात. तीनदा वाचा, तिन्ही फाइली जुळवून बघा. पूर्ण एफएफ किंवा पूर्ण शून्य आलं तर जोडणी चुकली आहे, चिप रिकामी आहे असं समजून काही लिहू नका. फाइलच्या दोन प्रती वेगळ्या ठिकाणी ठेवा.

साफसफाई. पहिला हात डिस्टिल्ड पाण्याचा, बॅटरीत घालतात तेच. क्षार पाण्यात विरघळतात, अल्कोहोलमध्ये नाही, म्हणून सुरुवातच अल्कोहोलने केली तर हिरवा थर पसरतो आणि तिथेच बसतो. मऊ टूथब्रश, कोमट पाणी, तीन-चार वेळा बदलून. मग ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. मेडिकलमधलं ७० टक्क्यांचं नको, त्यात उरलेलं पाणीच असतं. सीताबर्डीच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीचं सामान विकणाऱ्यांकडे लिटरच्या बाटलीत मिळेल. चिपच्या पोटाखाली आणि कनेक्टरच्या मुळाशी ब्रश पोचत नाही, तिथे सिरिंजने मारा.

वाळवणं. मे महिना असता तर गच्चीवर ठेवून काम झालं असतं. आता पुठ्ठ्याच्या खोक्यात साठ वॅटचा बल्ब आणि थर्मामीटर, ५० ते ५५ अंश, सहा-आठ तास. हेअर ड्रायर धरून बसू नका, एकाच जागी तापतं आणि रिलेचं प्लास्टिक वाकतं.

रिले. आत वाफ धरलेला रिले साफ करू नका, बदला. कॉइलचं व्होल्टेज, कॉन्टॅक्टचे अँपिअर आणि पायांची मांडणी तिन्ही जुळलं पाहिजे. जुन्यावरचा नंबर घेऊन बर्डीतच शोधा. बाकीच्या रिलेंना कॉइलवर १२ व्होल्ट देऊन कॉन्टॅक्ट मोजा, काही दशांश ओहमच्या वर गेला तर तोही बदला.

ट्रॅक. काळ्या भागाच्या दोन्ही बाजूंनी लाखेचा थर खरवडा, चकचकीत तांबं लागेपर्यंत. रुंद ट्रॅक म्हणजे करंटचा ट्रॅक, त्यावर इनॅमलची केसासारखी तार चालणार नाही, अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार टाका आणि बोर्डाला चिकटवा. अर्धा खाल्लेला पिन बदलायचाच. तो लावून "चालतंय ना" म्हणणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्यात तापून कनेक्टर वितळवणं.

टेबलावर सप्लाय देताना करंटची मर्यादा ३०० मिलिअँपिअरवर ठेवा. लगेच मर्यादेला टेकलं तर कुठेतरी शॉर्ट उरला आहे. बोर्डावर अल्कोहोलचे थेंब टाका, जिथून आधी उडतील तिथे शॉर्ट.

सगळं जमल्यावर अॅक्रिलिक कोटिंगचे दोन हात द्या. कनेक्टर आणि रिलेची भोकं टेपने झाकून. शिर्क्यासारख्या वासाचं सिलिकॉन अजिबात वापरू नका. ते सुकताना अॅसिटिक अॅसिड सोडतं आणि तेच तांबं खातं.

९. भंगारात_सोनं

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं आहे: जुनं मॉड्यूल सरळ लागते का? नाही. तीन गोष्टी एकमेकांना ओळखतात: मॉड्यूल, इंजिनाचा कंप्युटर आणि चावीतली ट्रान्सपॉन्डरची गोळी (चावीची ओळख सांगणारी बारीक चिप). एकटं मॉड्यूल बदललं तर इंजिनाचा कंप्युटर त्याला परकं समजते.

म्हणून डोनर घ्यायचा तर दोनच पद्धती. एक, तिन्ही वस्तू एकाच गाडीच्या घ्या. मग कोडिंग लागत नाही, तुमच्या चावीचं पातं ठेवून गोळी डोनर चावीची बसवायची. पण इंजिनाचा कंप्युटर तुमच्याच प्रकारचा हवा. २००० ते २००२ च्या गाड्यांत मोट्रॉनिक ७.२, २००३ पासून ७.८, त्याआधीच्या २.५ लिटरला ५.२.२. २.७ चा डबा ३.२ ला नको, टिपट्रॉनिकचा (ऑटोमॅटिक गिअरचा) मॅन्युअलला नको. जाहिरातीत "फक्त मॉड्यूल आणि चावी" असेल तर तो संच अर्धा आहे, कितीही स्वस्त असला तरी.

दोन, फक्त मॉड्यूल घ्या आणि मास्तरांनी वाचलेला तुमचा डेटा त्यात लिहा, किंवा तुमची चिपच उचलून त्यात बसवा. यासाठी डब्याचा पूर्ण नंबर जुळलेला हवा. अलार्म असलेला आणि नसलेला प्रकार वेगळा असतो.

अमेरिकेतून स्वस्त मिळून राहिलं म्हणून उडी मारू नका. तिकडचा रिमोट ३१५ मेगाहर्ट्झ, आपला ४३३. गाडी स्टार्ट होईल, रिमोट कधीच चालणार नाही. आणि विकणाऱ्याकडून बोर्डाचा फोटो मागा, डब्याचा नाही. तिकडच्याही गाड्या पाण्यातच बुडून भंगारात जातात.

१०. ओबीडी_नाना

नव्या मॉड्यूलबद्दल थोडक्यात. ते कोरं येतं. गाडीच्या चासी नंबरवरून कंपनीकडून इमोबिलायझरचे आणि चाव्या शिकवण्याचे कोड मिळतात, ते अधिकृत सेवाकेंद्राच्या टेस्टरवरून टाकायचे. देश, अलार्मचा प्रकार वगैरे कोडिंगही तेव्हाच. सगळ्या चाव्या सोबत न्या, त्या वेळी न शिकवलेली चावी नंतर फक्त दार उघडेल. डेटा हातात असताना हा मार्ग शेवटचा. चिप वाचताच आली नाही तर मात्र पहिला.

दुरुस्त डबा बसवताना सीटआधी तो जोडून बघायचा मोह होईल. बघायचंच असेल तर सीट गाडीत ठेवून, पिवळा कनेक्टर जोडून बघा. आधी मॉड्यूल, मग बॅटरी, हा क्रम. बॅटरी लागल्यावर दोन्ही काचा पूर्ण वर नेऊन बटण तसंच धरा, सोडा, पुन्हा एकदा धरा, म्हणजे वरची हद्द शिकतात. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलसाठी इग्निशन ऑन करून अॅक्सिलरेटरला पाय न लावता मिनिटभर थांबा, बंद करा, दहा सेकंदांनी स्टार्ट करा.

गाडी लॉक करून अर्ध्या तासाने बॅटरीवरचा करंट मोजा. ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. जास्त असेल तर मॉड्यूल झोपत नाहीये, एखादा रिले चिकटला आहे किंवा ओल उरली आहे.

हार्नेसमध्ये ढील असेल तेवढा डबा जमिनीपासून वर उचलून बांधा. तारा खालून वर डब्यात शिरतील असं वळण द्या, म्हणजे तारेवरून ओघळलेलं पाणी वळणाच्या तळाशी टपकेल, कनेक्टरमध्ये जाणार नाही.

११. संत्रानगरी_रोडस्टर

झालं बाप्पा! चिप ९३ मालिकेची निघाली, तिन्ही फाइली जुळल्या. एक रिले, एक पिन बदलला, ट्रॅकवर तार टाकली. रिमोट, काचा, दिवा, स्टार्टर सगळं आलं, गाडी लागली. झोपेतला करंट ३५ मिलिअँपिअर.

दोन शेपट्या उरल्या. एअरबॅगचा दिवा लागून राहिला (सीट काढलेली असताना कोणीतरी इग्निशन फिरवलंच). आणि लॉक केलं की हॉर्न एकदा बारीक "टीं" करते. मॉड्यूलमध्ये अजून काही उरलं का?

१२. ओबीडी_नाना

एअरबॅगचा दिवा बॅटरी काढून जाणार नाही, ड्युरामेट्रिकने कोड पुसा. पुसून पुन्हा आला तर पिवळा कनेक्टर नीट बसलेला नाही, तो बॅटरी काढूनच दाबा.

एक बीप म्हणजे अलार्मला काहीतरी उघडं दिसतंय. मॉड्यूल बरोबर काम करतंय म्हणूनच सांगतंय. तुमच्या मॉडेलमध्ये पहिला संशय दोन सीटांमधल्या कप्प्याच्या झाकणावर, त्याच्या स्विचचा नाका झिजतो. काच खाली ठेवा, हात आत घालून झाकण घट्ट दाबा आणि रिमोटने लॉक करा. बीप गेला तर झाकणाच्या आत स्विचसमोर दोन मिलिमीटरचा रबरी तुकडा चिकटवा. नाही गेला तर पुढचं आणि मागचं झाकण एकेक करून असंच दाबून बघा.